डोक्यावरची माती

"हे पाणी आपल्याच हद्दीत येतं ना हो?" सरपोतदारबाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडात करवंदं होती. तोंड रिकामं असतं तर मी खरं बोललो असतो, असा माझा दावा नाही. पण त्या वेळी बोलायची गरजच पडली नाही. मी नुसती मान डोलावली.

बाई झऱ्याशी वाकल्या. कातळाच्या खोबणीतून मनगटाएवढी धार पडत होती, तीही ऐन वैशाखात. त्या ओंजळीनं पाणी प्यायल्या, थोडं तोंडावर मारून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, आपल्या फ्रिजला आता भंगारात द्या."

सरपोतदार पुण्याचे. कारखान्यातून साहेब म्हणून निवृत्त झालेले, पायात पांढरे बूट, गळ्यात दुर्बीण. दुर्बिणीतून त्यांनी झऱ्याकडेही पाहिलं. झरा चार हातांवर होता.

"बारमाही आहे का, गेनूभाऊ?"

मी करवंदाच्या बिया थुंकल्या आणि सुरू झालो.

"बारमाही काय घेऊन बसलात, साहेब. माझा आजा हेच पाणी पिऊन एकशे सात वर्षं जगला. आणि गेला तोही दुखण्यानं नाही. हिरडे काढायला झाडावर चढला होता, फांदी म्हातारी निघाली."

"एकशे सात?"

"दाखल्यावर शंभरच आहेत. वरची सात लिहिणाऱ्यानं कापली. त्याला खरं वाटेना."

बाई हसल्या. हसणाऱ्या गिऱ्हाइकासमोर मला थांबता येत नसे. मग मी त्यांना आमचा वारा सांगितला. पश्चिमेकडून असा येतो की कोंबडीला एकच अंडं तीनदा घालावं लागतं. मग श्रावणातलं धुकं सांगितलं. त्यात माझी म्हैस तीन दिवस दिसली नाही, मी आपला अंदाजानं चरवी धरून बसायचो आणि चरवी भरायची. शेवटी पुन्हा पाण्यावर आलो. आमच्या आज्यानं हा झरा काठीनं कातळ टोकरून कसा काढला आणि तेव्हापासून तो या जमिनीचा कसा आहे, ते मी इतकं बारकाव्यानं सांगितलं की मलाच आज्याच्या हातावरचे फोड दिसायला लागले.

"आम्हाला बाकी काही नको," साहेब म्हणाले. "या पाण्यासाठी जागा घेतोय. मोजणी करून घ्या, की व्यवहार करून टाकू."

तेव्हा डोंगरावर डांबरी सडक येऊन दोनच वर्षं झाली होती. सडकेच्या आधी आमच्या धारमाचीत जमीन विकत घेणारा माणूस वेडा ठरला असता. सडकेनंतर तो पाहुणा ठरला, आणि त्याला हिंडवून आणणारा मी एजंट ठरलो. दाखवत होतो ती सहा एकर जमीन दौलत मोऱ्याची. दौलत ठाण्याला राहायचा, त्याला स्वतःच्या जमिनीची वाटही आठवत नव्हती. "गेनू, तू बघ आणि काय ते कर," एवढं म्हणून त्यानं अंग काढून घेतलं होतं.

झरा दौलतच्या जमिनीत नव्हता. वीस पावलं पलीकडे, भागूमामीच्या जमिनीत होता. हे मला पाचव्या वर्षापासून ठाऊक होतं, कारण त्याच झऱ्यावर मी पोहायला शिकलो होतो. पोहायला म्हणजे, पाणी घोट्याएवढंच होतं. पण गोष्ट रंगात आली की मी हद्दी बघत नाही.

भागूमामी ढेबे धनगराची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. कातळाच्या वर तिची एकटीची झोपडी, आणि अकरा म्हशी. चैत्र-वैशाखात डोंगरावरचं दुसरं सगळं पाणी आटायचं. तेव्हा तिच्या म्हशींना आणि तिला हा एक झरा होता. तो गेला तर तिला डोंगर सोडावा लागणार, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या आईला तिच्या नवऱ्यानं बहीण मानलं होतं, म्हणून ती माझी मामी.

तीन आठवड्यांनी मोजणी ठरली. तालुक्याहून कुलथे नावाचे मोजणीवाले आले, सरपोतदार जोडपं मोटारीतून आलं, आणि मामी कातळावरून खाली उतरून झऱ्याशी बसली. हातात काठी, खांद्यावर घोंगडी.

"काय रं गेन्या, माज्या पान्यावर ही कुटली पावनी?"

"मोजणी आहे, मामी. शेजारची दौलतची जमीन हे घेणार आहेत."

"घिऊंद्या की. शेजार झाला तर बरंच हाय. फकस्त माज्या म्हशी मोजू नगा, नजर लागती."

कुलथ्यांनी नकाशा दगडावर पसरला. त्यावर चार कोपऱ्यांना चार खडे ठेवले, उताराकडे पाहिलं, घाम पुसला आणि नकाशा पुन्हा गुंडाळला.

"नकाशात हद्दीचे सात दगड आहेत," ते म्हणाले. "जमिनीत एकही नाही."

"दरड आली तवा गाडलं गेलं," मामी म्हणाली. "त्येला झाली आता धा-बारा वर्सं."

"मग आता या उतारावर साखळी धरायला माणूस उभा कुठं करू? तुम्ही दोन्ही बाजूंनी मिळून हद्द ठरवा. दोघांना मान्य होईल तिथं मी खुणा करतो आणि जेवायला जातो."

"मंग माती घिऊन चालू द्या," मामी म्हणाली, जणू चहा टाका म्हणावं तसं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना सांगितलं. या बाबतीत मी एक शब्दही वाढवून सांगितला नाही, आणि तसा मी फार क्वचित वागलो आहे. आमच्याकडे हद्दीचा वाद झाला की दोन्ही शेतांची माती एका फडक्यात घ्यायची. एका माणसानं न्हाऊन, अनवाणी, ती डोक्यावर घ्यायची आणि खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत चालायचं. तो चालेल ती हद्द. ज्याची जमीन शेजारी असेल त्यानं मागून त्याच्या पावलावर दगड मांडत यायचं. चालणं संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, चालणाऱ्याला कुणी अडवायचं नाही. आणि त्यानंतर त्या हद्दीबद्दल पिढ्यान्‌पिढ्या कुणी तोंड उघडायचं नाही.

"आणि खोटं चालला तर?" बाईंनी विचारलं.

"माती जड होते म्हणतात."

"चालतं कोण?"

"शेलारांकडे तो मान आहे. माझे वडील राघू शेलार नऊ वेळा चालले. एकदा तर चालताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याचे दोन फणस दुसऱ्याच्या शेतात टाकले. आई वर्षभर त्यांना फक्त ताट वाढायची, बोलायची नाही."

"वडील आहेत?"

"नाहीत."

मग सगळेच माझ्याकडे पाहू लागले. कुलथे दात कोरत होते, ते थांबले.

"अहो पण आजी, हा तर यांचाच एजंट," ते म्हणाले. माणूस आळशी होता, वाईट नव्हता. "हा चालून कसं चालेल?"

मामीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्या पायांशी जरा जास्त वेळ थांबली.

"त्येचं तोंड लबाड हाय, त्ये काय मला म्हाईत न्हाई व्हय? उगवतीला जातो म्हनला तर म्या मावळतीला बघती. पर तोंड त्येनं आईचं घेतलंय. पाय राघूदाजीचं हायती. पायानं त्यो खोटं जायाचा न्हाई."

माझी आई तिची मानलेली नणंद, तेव्हा तो टोमणा खरं तर मला नव्हता. सगळे हसले. मीही हसलो. त्या क्षणी मी सरळ म्हणू शकत होतो, की मामी, मला यातून वगळ, मोऱ्यांपैकी नाहीतर ढेब्यांपैकी कुणालाही घाल. मी म्हटलं नाही.

मी झऱ्यावर न्हायला निघालो, तशा सरपोतदारबाई माझ्यामागं आल्या.

"गेनूभाऊ, ते पाणी आपल्यातच येतं ना? तुम्ही सांगितलं होतं."

"बघू ना, बाई. चालल्यावर कळेल."

"नाही, म्हणजे, मी माहेरी सगळ्यांना सांगून बसले. तुमच्या आजोबांची गोष्ट पण सांगितली. भाऊ म्हणाला, हे दलाल लोक काहीही थापा मारतात. भांडले मी त्याच्याशी. म्हटलं, तो माणूस खोटं बोलणाऱ्यांतला नाही."

माझ्या बायकोनं असं माझ्याबद्दल कधी म्हटलं नव्हतं. पोरांनी नाही, गावानं तर नाहीच. माझ्या थापांना लोक हसायचे, टाळ्या द्यायचे, पण खऱ्या कुणी मानल्या नव्हत्या. आणि इथं एक बाई माझ्या आज्याच्या एकशे सात वर्षांसाठी सख्ख्या भावाशी भांडून आली होती.

लोकांना वाटतं मी दलालीसाठी चाललो. मीही त्यांना तेच वाटू देतो, त्यात जरा तरी इज्जत आहे. पोट सगळ्यांना असतं. पण मला तेव्हा दलाली आठवतही नव्हती. एका परक्या बाईसमोर आपली थाप उघडी पडू नये, एवढ्यासाठी मी ते केलं. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही तोंडात कडू पाणी येतं.

खालची खूण म्हणजे कुंभ्याचं झाड. वरची म्हणजे म्हशीच्या पाठीसारखा काळा दगड. कुंभ्यापाशी मामीनं स्वतः दोन्हीकडची माती फडक्यात बांधली, माझ्या ओल्या डोक्यावर चुंबळ ठेवली आणि वर गाठोडं ठेवलं. पदराच्या ओटीत दगड भरून घेतले. कंबर वाकलेली, तरी ओटी गच्च.

मी चालायला लागलो.

डावीकडे दौलतची जमीन, उजवीकडे मामीची. निम्म्या वाटेपर्यंत मी बापाच्या पायांनी चाललो. मागं दर पाच पावलांनी दगड ठेवल्याचा आवाज यायचा. टक्‌. टक्‌. झऱ्याचं पाणी उजव्या कानाला वाजत होतं, म्हणजे बरोबर चाललं होतं.

मग हिरड्याचं झाड आलं. आज्याचा हिरडा तो नव्हता, आजा तर खोकल्यानं गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. या हिरड्यापाशी खरी हद्द डावीकडे वळते आणि कातळाच्या कडेकडेनं वर जाते. मी उजवीकडे वळलो.

मागचा आवाज थांबला.

मीही थांबलो. मागं वळून पाहायचं नसतं. पाहिलं असतं तर पुढचं पाऊल पडलं नसतं, म्हणून मी वळलो नाही, आणि त्याला रिवाज म्हणालो. वर सडकेच्या कडेला साहेब दुर्बीण लावून उभे होते. बाईंनी हात छातीशी जोडले होते. मला वाटलं, मामी आता ओरडेल. रिवाज मोडेल, शिवी देईल, ओटीतला एखादा धोंडा माझ्या पाठीत घालेल. मी पाठ ताठ करून उभा राहिलो. खरं सांगतो, मी त्या धोंड्याची वाट पाहिली.

टक्‌.

तिनं दगड ठेवला. माझ्या पावलावरच ठेवला.

मी पुढं चाललो. झऱ्याला पलीकडून वळसा घालून गेलो. पाणी उजव्या कानाला वाजत होतं, ते हळूहळू समोर आलं आणि मग डाव्या कानाला वाजू लागलं. शेवटपर्यंत दर पाच पावलांनी दगड पडत राहिला. एकही चुकला नाही, एकही वेडावाकडा पडला नाही. कुलथे मागाहून आले आणि त्यांनी त्या दगडांवर चुन्यानं खुणा केल्या. पान भरून सह्या झाल्या. मामीनं अंगठा दिला.

ही गोष्ट मी नातवंडांना दहा तऱ्हांनी सांगितली आहे. एका तऱ्हेत माती पखालीएवढी जड होते आणि माझी मान कायमची वाकडी होते. मग मी मान वाकडी करून दाखवतो आणि पोरं खिदळतात. एका तऱ्हेत मी गुडघ्यापर्यंत कातळात रुततो आणि ती दोन भोकं अजून तिथं आहेत. पावसाळ्यात त्यांत बेडूक असतात. ऐकणाऱ्यांना असं काही घडलेलं बरं वाटतं. पण माती जड झाली नाही. वाळलेली होती, फडकं जुनं होतं, वाटेत भुरभुर गळतही होती. वर पोचलो तेव्हा निघताना होती त्यापेक्षा हलकीच होती.

सरपोतदारांनी त्या दिवाळीच्या आत तारेचं कुंपण घातलं, आत छोटा बंगला बांधला. झऱ्याभोवती सिमेंटचा हौद बांधला, त्याला निळ्या फरशा बसवल्या. माणसं वाईट नव्हती. बाईंनी मला निरोप दिला होता, "त्या आजींना सांगा, पाणी न्यायला आमची काही हरकत नाही. फक्त विचारून घ्यावं, आणि म्हशी आत नकोत." मी तो निरोप मामीला दिला. तिनं ऐकला. ती कधी विचारायला गेली नाही.

पुढच्या चैत्रात म्हशी रोज दुपारी यायच्या आणि कुंपणाशी ओळीनं उभ्या राहायच्या. हंबरायच्या नाहीत, तारेला शिंगं लावायच्या नाहीत. नुसत्या उभ्या. बंगल्यात तेव्हा कुणी नव्हतं, हौद भरून वाहत होता. सरपोतदारांनी ठेवलेल्या राखणदाराला मी म्हटलं, "गेट उघड की लेका." तो म्हणाला, "साहेबांना फोन लावा." मी फोन लावला नाही. तो लावला असता तर काय झालं असतं, ही एक गोष्ट मी कधी रचून पाहिली नाही.

वैशाखात मामीनं म्हशी काढून टाकल्या आणि ती लेकीकडे, खाली देशावर गेली. दोन वर्षांनी तिकडेच वारली, असं कळलं.

माझा धंदा मात्र फार चालला. शेलार माती घेऊन चालला म्हणजे हद्द पक्की, ही बातमी सडकेनं खाली पुण्यापर्यंत गेली. मला आणखी चार ठिकाणी चालायला बोलावलं. मी गुडघेदुखी सांगितली. चालायचं सोडलं, पण विकायचं सोडलं नाही. कडा विकला, पठार विकलं, जिथून सूर्य बुडताना दिसतो ती जागा तीन वेगवेगळ्या लोकांना तीन वेगवेगळ्या ठिकाणी विकली. आता धारमाचीवर या आणि बघा. जिकडे तिकडे बंगल्यांच्या पाट्या. ढगांची नावं, पाखरांची नावं; पाखरं गेली, नावं राहिली. शनिवारी मोटारी येतात, घाटात खिडकीतून पोरं ओकतात, वर आल्यावर मोठी माणसं बाटल्या फोडतात, आणि सोमवारी सगळीकडे कोंबडीची हाडं आणि कुलपं. प्रत्येक कुलपाच्या आतली जमीन मी कुणाला तरी हसवून विकलेली आहे. पूर्वी संध्याकाळी मी कट्ट्यावर बसून ते सगळं बोटानं दाखवायचो, हे मी विकलं, ते मी विकलं. आता त्या बाजूला तोंड करून बसत नाही. शिसारी येते.

सरपोतदारबाई एकदा भेटल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या, साहेब गेले होते. म्हणाल्या, "गेनूभाऊ, तुमच्या आजोबांची गोष्ट मी नातवाला सांगते बरं का." मी म्हटलं, "सांगा."

आणि एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितली नाही, कुठल्याच तऱ्हेनं.

चालून झाल्यावर, रिवाजाप्रमाणे, दगड मांडणाऱ्यानं चालणाऱ्याचे पाय धुवायचे असतात. मी काळ्या दगडावर बसलो होतो. डोक्यावरची माती मामीनं उतरवली, निम्मी डावीकडे टाकली, निम्मी उजवीकडे. मग ती तांब्या घेऊन झऱ्यावर गेली. तिथं सरपोतदारबाई उभ्या होत्या, आनंदानं हात पाण्यात बुडवून.

"बाई," मामी त्यांना म्हणाली, "तांब्याभर पानी घिऊ का?"

"अहो घ्या की," बाई हसून म्हणाल्या. "विचारायचं काय त्यात."

मामी वर आली. माझ्यासमोर उकिडवी बसली आणि माझे पाय धुवायला लागली. बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवून, टाचेच्या भेगांतली माती काढून, लहान पोराचे धुवावेत तसे. मी तिच्या डोक्यावरच्या पदराकडे पाहत होतो. मला तिचा चेहरा दिसत नव्हता. धुऊन झाल्यावर तिनं पाय पदरानं पुसले आणि दोन्ही पाय हातांत धरून, दुकानात वस्तू उलटीपालटी करून बघावी तसे जरा वेळ पाहिले.

"म्या म्हनलं, पाय तरी राघूदाजीचं असतील," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "ह्ये बी तुजंच निघालं."

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. तांब्यात थोडं पाणी उरलं होतं. ते तिनं सांडलं नाही. जपून खाली नेलं आणि तांब्या सरपोतदारबाईंच्या हातात दिला.